कसारा लाइनवरचा लाल बावटा



जगातल्या कम्युनिस्ट चळवळीवर बोला, असं मला सांगण्यात आलं आणि वेळ दिला सात मिनिटांचा. मॉस्को, पेकिंग, हवाना हे सगळं सात मिनिटांत कोंबलं तर नुसती नावांची यादी होईल. म्हणून मी शहापूर-मुरबाडच्या शिवारातून फारसा बाहेर जाणार नाही. तसंही जगातल्या या चळवळीचे बरेच धागे आपल्या दारावरून गेलेले आहेत.

आपल्याकडे लाल बावटा आला तो रेल्वेच्या वाटेने, मुंबईहून. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, तेव्हा गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिचे एक पुढारी श्रीपाद अमृत डांगे, मूळचे नाशिक जिल्ह्यातले. पुढच्याच वर्षी सरकारने डांग्यांसह देशभरातले पुढारी उचलले आणि मेरठला खटला भरला. आरोप काय, तर मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी संगनमत करून बादशहाची सत्ता उलथवण्याचा कट! आरोपींत तीन इंग्रजही होते. या खटल्याने पक्षाची जेवढी प्रसिद्धी झाली, तेवढी पक्षाला स्वतःला कधी जमली नसती.

पण मॉस्कोशी नातं म्हणजे काय, हे मुरबाडकरांनी फार जवळून पाहिलं. २ जानेवारी १९४३. सिद्धगडाच्या रानात पहाटे पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील धारातीर्थी पडले. माथेरानचे हे कोतवाल पेशाने वकील. ‘चले जाव’च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत पथकाने विजेचे मनोरे पाडून मुंबईच्या कारखान्यांचा पुरवठा तोडायचा सपाटा लावला होता. त्या वेळी कम्युनिस्ट पक्ष कुठे होता? जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून गेला आणि पक्षाच्या लेखी साम्राज्यवाद्यांचं युद्ध हे लोकयुद्ध ठरलं. पक्षाचं काम करणारे गोदावरी आणि शामराव परुळेकर हे दांपत्य युद्धाच्या सुरुवातीला युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगात गेले होते. आता त्यांचाच पक्ष ‘चले जाव’च्या विरोधात उभा होता. फॅसिझम हरला पाहिजे ही गोष्ट बरोबर होती, पण सिद्धगडच्या पायथ्याच्या माणसाला ती कोण आणि कशी समजावणार? धोरण दूर ठरतं आणि त्याचा जाब गावात द्यावा लागतो. मॉस्कोने त्याच वर्षी, मे १९४३ मध्ये, आपली आंतरराष्ट्रीय संघटना बरखास्त केली, पण इथला डाग त्याने पुसला गेला नाही.

म्हणूनच दोन वर्षांनी जे घडलं ते मला विशेष वाटतं. जानेवारी १९४५ मध्ये इथून जवळच, टिटवाळ्याला, किसान सभेची, म्हणजे पक्षाच्या शेतकरी संघटनेची, प्रांतिक परिषद भरली. तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा आणि त्यांच्याबरोबरचे पंधराएक वारली परिषदेला आले. त्यांनी वेठीची आणि लग्नगड्यांची हकिगत सांगितली. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि नवराबायकोने आयुष्यभर त्याच्या घरी राबायचं, ही लग्नगड्याची रीत. मे महिन्यात झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. शेतावर रोज बारा आणे मजुरी मागायची, हेही ठरलं.

मग गवताचा हंगाम आला. ठाणे जिल्ह्याचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे. कापायचं वारल्याने, पैसा जमीनदाराचा आणि ठेकेदाराचा. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा लावायचा नाही, असा संप झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड. तरी संप टिकला. पाचशे पौंडांना अडीच रुपये हा हिशेब मार्क्सच्या कोणत्याही ग्रंथात नाही. तो गवत कापणाऱ्या माणसाला बरोबर कळत होता, आणि तेवढ्यावर एक अख्खा मुलूख लाल बावट्याखाली आला. या लढ्यात असलेल्या गोदूताईंनी, म्हणजे गोदावरी परुळेकरांनी, हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात नसेल तर मागवायला लावा.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ठाण्यातून शामराव परुळेकर लोकसभेवर गेले. पुढे रशिया आणि चीन यांचं बिनसलं, भारताचं चीनशी युद्ध झालं, आणि १९६४ मध्ये इथला पक्षही फुटला. परुळेकर मार्क्सवादी पक्षात गेले. सरकारने शामरावांना स्थानबद्ध केलं आणि १९६५ साली ते त्यातच वारले.

डहाणू-तलासरीत बावटा टिकला. २०१४ मध्ये ठाणे जिल्हा तुटला आणि तो भाग पालघरला गेला. शहापूर-मुरबाडला मात्र त्याने तेवढी मुळं धरली नाहीत. का? माझ्या मते कुळकायदा हे मोठं कारण. इथल्या कुणब्याला कसत्या जमिनीची मालकी मिळाली आणि त्याचा लढा थांबला. कातकरी आदिवासी मात्र कुणाचं कूळच नव्हता. तो दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातो आणि पाऊस तोंडावर आला की परततो. अशा माणसाची सभा भरवायची कधी? त्याच्यात पुढे काम केलं ते श्रमजीवी संघटना, श्रमिक मुक्ती संघटना यांच्यासारख्या वेगळ्या लोकांनी. किसान सभा तिथे कमी पडली, असंच मी म्हणेन.

आणि तरी मार्च २०१८ मध्ये कसारा घाट लाल झालेला आपण पाहिला. किसान सभेच्या मोर्च्यात नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, बहुतेक आदिवासी, फाटक्या चपलांनी आणि सोललेल्या पायांनी शहापूरवरून मुंबईला गेले. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीतून चालले. मार्च २०२३ मध्ये पुन्हा मोर्चा निघाला. तो आपल्या वाशिंदलाच थांबला आणि सरकारशी बोलणी होईपर्यंत हलला नाही. त्या मुक्कामात एक शेतकरी दगावला.

दोन्ही मोर्च्यांत कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क ही मोठी मागणी होती. वनहक्क कायदा २००६ चा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कुटुंब कसत असेल, तर प्रत्यक्ष कसणुकीइतकी, जास्तीत जास्त चार हेक्टर जमीन त्याला मिळू शकते. तुमच्या पाड्यावर कुणाचा दावा फेटाळला असेल, तर नकाराचं कारण लेखी मागून घ्या. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे साठ दिवसांच्या आत अपील करता येतं. त्यासाठी कुठल्याही पक्षाचं सभासद असावं लागत नाही.