लावलेलं झाड कोणाच्या जबाबदारीवर?

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. झाडांवर बोलायला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक बोलवायला हवे होते, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. त्यांनाही जरूर बोलवा. माझा आजचा विषय झाडांच्या देखभालीचा आहे आणि देखभाल हे माझं रोजचं पोटापाण्याचं काम आहे. आमच्याकडे नवा प्रोग्रॅम सुरू झाला की केक कापतात, फोटो निघतात. पुढे दहा वर्षं तो चालू ठेवायचा, बिघडला की रात्री उठून दुरुस्त करायचा, हे काम कोण करतं ते कोणाला माहीत नसतं. खर्च आणि मेहनत मात्र तिथेच लागते. गावातल्या झाडांचंही असंच आहे.

आपल्या खान्देशाचं ऊन मी तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. घरात कूलरपुढे बसणाऱ्याला तो आकडा म्हणजे बातमी. फळगाडी लावणारा, मार्केट यार्डातला हमाल, स्टँडवरचा रिक्षावाला, पंक्चर काढणारा पोरगा, बांधकामावरची बाई, यांच्यासाठी तीच गोष्ट मजुरीची आहे. सावली असेल तर दुपारचे दोन तास जास्त धंदा होतो, नसेल तर बुडतो. आपल्या समाजातली कितीतरी माणसं याच कामांत आहेत. तेव्हा रस्त्याकडेचं झाड हा हौसेचा किंवा पर्यावरण दिनाचा विषय नाही. ती कामाच्या जागेची सोय आहे, पाण्याच्या नळासारखी.

आता गंमत बघा. झाडं लावण्यात महाराष्ट्र कधीच मागे नव्हता. २०१६ पासून चार वर्षांत राज्य सरकारनं ओळीनं मोहिमा घेतल्या. २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ कोटी, मग ३३ कोटी, अशी उद्दिष्टं होती. शाळा, कॉलेज, ग्रामपंचायती, सगळे खड्डे खणत होते. पुढे २०२१ मध्ये या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. त्यातलं राजकारण बाजूला ठेवू. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की लावलेल्या झाडांचा आकडा सांगता येतो, पण त्यातली जगली किती, हे सांगायला वेगळी व्यवस्था लागते. ती व्यवस्था गावपातळीवर नसेल तर वरचा आकडा कितीही मोठा असो, कागदावरच राहतो.

झाड मरतं कधी? साधारणपणे दोन वेळा. पहिली वेळ म्हणजे लावल्यानंतरचे पहिले दोन-तीन उन्हाळे. जुलैत रोप लावतो, पाऊस त्याला सांभाळतो. डिसेंबरपर्यंत ते हिरवं दिसतं. मार्चमध्ये आपली काळी जमीन भेगाळायला लागते, उघडी पडलेली मुळं सुकतात आणि मेपर्यंत नुसता पिंजरा उरतो. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप, नवा फोटो. यावर उपाय काय, हे केळी पिकवणाऱ्या आणि ठिबकच्या नळ्या तयार करणाऱ्या जिल्ह्याला मी काय सांगू? रोज तांब्याभर पाणी घातलं तर ते वरच्या मातीतच जिरतं आणि मुळंही वरच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा दोन बादल्या घाला. बुंध्यापासून थोडं अंतर ठेवून पालापाचोळ्याचा थर द्या. शेजारी बारीक छिद्राचं मडकं पुरून ते भरत राहा. एवढ्यानं बरीच रोपं तरतात.

दुसरी वेळ येते झाड चांगलं तीस-चाळीस वर्षांचं झाल्यावर. तेव्हा त्याला आपण मारतो, आणि बहुतेक वेळा आपल्याला ते कळतही नाही. झाडाची बहुतेक मुळं खूप खोल नसतात. ती वरच्या मीटरभर मातीत, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. रस्त्याचं काम निघतं, पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट थेट खोडाला टेकवतात. पाणी आणि हवा बंद. मग पाइपलाइनसाठी चर खणतात आणि एका बाजूची मुळं साफ कापली जातात. मेमध्ये तारांना लागतात म्हणून एकाच बाजूच्या फांद्या छाटतात. तोल गेलेलं ते झाड जूनच्या वादळात पडतं. कोणाची तरी गाडी चेपते, कधी माणूस जखमी होतो. दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात, ही झाडं धोकादायक आहेत, सगळीच काढून टाका. आणि रांगेतली उरलेली चांगली झाडंही जातात. पडलेल्या झाडानं केलेलं खरं नुकसान हे असतं. लोकांच्या मनात झाडाची भीती बसते.

म्हणून सुरक्षितता आणि झाड यांच्यात एक निवडायचं, असं मुळीच नाही. सांभाळलेलं झाड सहसा सुरक्षित असतं. वाळलेली मोठी फांदी, बुंध्याशी उगवलेली कुत्र्याची छत्री, खोडातली पोकळी, अचानक वाढलेला कल, ही लक्षणं एप्रिलमध्ये दिसली तर लेखी कळवायची. फांदी कापायचीच असेल तर खोडाला लागून किंवा मध्येच तोडायची नसते. फांदी जिथे खोडातून निघते तिथे एक फुगीर कडं असतं. त्या कड्याच्या बाहेर कापलं तर जखम भरून येते. मोठी फांदी असेल तर आधी खालून अर्धवट छेद, मग थोडं पुढे वरून, आणि वजन उतरल्यावर शेवटचा काप, म्हणजे साल सोलून निघत नाही. शेंडा उडवलेल्या झाडाला नंतर जे भराभर फुटवे येतात ते कमकुवत असतात आणि तेच पुढे मोडतात. हे काम तुम्ही झाडावर चढून करावं असं मी म्हणत नाही, विजेच्या तारांजवळ तर बिलकुल नाही. पण कापणाऱ्या माणसाजवळ उभं राहून सांगण्याइतकं प्रत्येकाला माहीत असावं.

आता कायद्याकडे येऊ. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन करणारा कायदा आहे. तो मोठ्या महापालिकांपुरता नाही, नगरपालिकांनाही लागू आहे. जळगाव आणि धुळे ही शहरं २००३ मध्ये महापालिका झाली, पण अमळनेर, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा इथेही हाच कायदा चालतो. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण हवं, वृक्ष अधिकारी हवा आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना व्हायला हवी. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि कायद्याच्या भाषेत 'तोडणं' म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे. जाळणं, कापणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्यात येतं. बुंध्याशी कचरा पेटवणारा आणि गाडीवरचं गरम तेल मुळाशी ओतणारा, दोघांनी हे ऐकायला हवं. झाड खासगी जागेत असलं, ट्रस्टच्या जागेत असलं, तरी परवानगी लागतेच.

तोडण्याचा प्रस्ताव आला की वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते आणि झाडावरही लावावी लागते, म्हणजे लोकांना हरकत घेता येते. ही नोटीस आपण कधी वाचली आहे का? २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावण्याची अट घातली. ४० वर्षांचा निंब गेला तर ४० रोपं. छान. ती ४० कुठे लावली आणि त्यांना पाणी कोण घालतंय, हे विचारणारं गावात कोणी नसेल तर अट पूर्ण झाल्याचा कागद तेवढा उरतो.

खोडाभोवतीच्या काँक्रीटबद्दल राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात आदेश दिला. झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, खिळे, पाट्या, तारा काढा. आदेश दिल्लीचा होता, पण अर्जात त्याचा हवाला देऊन आपणही मागणी करू शकतो. नव्या रस्त्याच्या कामात ही एक मीटर जागा आधीच आखून घेतली तर खर्च जवळपास शून्य. नंतर फोडायचं म्हटलं की अंदाजपत्रक लागतं.

आणखी एक. घरपट्टीचं बिल काढून बघा. बऱ्याच शहरांत त्यात वृक्षकराची वेगळी ओळ असते. म्हणजे झाडांसाठी आपण पैसे भरतो. ते कुठे खर्च झाले हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे. माहिती अधिकारात १० रुपयांचं शुल्क भरून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. तीन प्रश्न पुरेसे आहेत. शेवटची वृक्षगणना कधी झाली? गेल्या वर्षी वृक्षकरातून किती जमा झाले आणि कशावर खर्च झाले? तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली झाडं नेमकी कुठे आहेत?

इथे माझ्या मनातली एक गोष्ट बोलतो. नगरपालिकेच्या दारात आपण बहुधा दाखल्यासाठी जातो, गटारीच्या तक्रारीसाठी जातो. आपल्यापुरतं मागायला जातो. त्यात गैर काही नाही, तो आपला हक्क आहे. पण बाजारातल्या चिंचेसाठी अर्ज घेऊन गेलेला तरुण सगळ्या गावासाठी बोलत असतो. त्या चिंचेखाली कोण बसतं हे झाड विचारत नाही. शहराचा कारभार समजून घ्यायला आणि शहरानं आपल्याला नागरिक म्हणून ओळखायला, यापेक्षा सोपी सुरुवात मला तरी दिसत नाही.

'आमच्या मोहल्ल्यात पाय ठेवायला जागा नाही, झाड कुठे लावू?' हा प्रश्न मला नेहमी विचारतात. प्रश्न खरा आहे. सहा फुटांच्या गल्लीत वड लावता येणार नाही. पण ईदगाह आहे, कब्रस्तान आहे, उर्दू शाळेचं आवार आहे, रिक्षा स्टँड आहे, मजूर अड्डा आहे. कब्रस्तानातली जुनी निंबं-चिंचा अनेक गावांत परिसरातली सगळ्यात मोठी झाडं असतात. काही ठिकाणी चिंचेचा लिलावही होतो. त्या पैशातला काही भाग झाडांवरच खर्च व्हावा, असं ट्रस्टींना अदबीनं सांगता येईल. कबर खोदताना मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून अंतर ठेवा, हेही सांगता येईल. आणि वजूचं पाणी! दिवसातून पाच वेळा, साबण नसलेलं स्वच्छ पाणी गटारात जातं. एक टाकी आणि एक पाइप टाकला की मशिदीच्या रस्त्यावरची झाडं मेमध्येही तरतील. सदका-ए-जारियाबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो. जारिया म्हणजे चालू राहणारं. लावून विसरलेलं रोप चालू कसं राहील?

काय लावायचं, यावर थोडक्यात. निंब, चिंच, करंज, वड, पिंपळ, जागा असेल तसं. मेहरूणच्या बोरांचं नाव सगळीकडे आहे, तर शाळेच्या कुंपणाला बोर का नको? सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या तडवी मित्रांना अंजनाबद्दल विचारा, कमी पाण्यात तग धरणारं झाड आहे. लवकर वाढतं म्हणून कोनोकार्पस लावू नका. शेजारच्या गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, कारण त्याच्या परागकणांचा श्वसनाला त्रास होतो आणि मुळं पाइप, केबल बिघडवतात. तारेखाली उंच वाढणारं झाड लावायचं नाही, म्हणजे दहा वर्षांनी कापाकापीची वेळ येणार नाही.

शेवटी माझ्या धंद्यातली एक गोष्ट देतो. आमच्याकडे म्हणतात, ज्याची नोंद नाही त्याची दुरुस्ती नाही. न्यूयॉर्क शहरानं २०१५ मध्ये रस्त्यांवरची झाडं मोजली. ६,६६,१३४ भरली. त्या कामात २,२०० हून अधिक स्वयंसेवक होते, साधे नागरिक. तिथे आज प्रत्येक झाड नकाशावर आहे. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. एक रस्ता घ्या. मोबाइलवर एक तक्ता उघडा. रकाने सहाच. झाडाचा क्रमांक, जात, ठिकाण, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, काय त्रास आहे, आणि शेवटचा रकाना, पाहणारा माणूस. सगळ्यात महत्त्वाचा तोच. प्रत्येक झाडासमोर कोणाचं तरी नाव हवं. पानवाल्या चाचांचं असेल, शाळेतल्या बाईंचं असेल, तुमचं असेल. 'सगळ्यांचं झाड' म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही.

हा तक्ता वर्षातून तीनदा भरा. ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपल्यावर किती रोपं उभी आहेत ते बघायला. फेब्रुवारीत, उन्हाळ्याच्या पाण्याची सोय ठरवायला. एप्रिलमध्ये, वादळाआधी धोक्याच्या फांद्या कळवायला. त्याची प्रत नगरपालिकेत द्या, पोच घ्या. दोन वर्षं नेमानं दिली की तुमच्याकडे गावाच्या झाडांचा हिशेब असेल, आणि हिशेब घेऊन येणाऱ्या माणसाला कोणताही अधिकारी सहज परत पाठवत नाही.

पुढच्या जुलैत कोणी वृक्षारोपणाला बोलावलं तर जरूर जा. फक्त खड्डा खणण्याआधी विचारा, याला मे महिन्यात पाणी कोण घालणार? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं तर रोप लावा. नाव आलं नाही तर तिथे स्वतःचं नाव लिहा, आणि तेही जमत नसेल तर त्या दिवशी नवं रोप लावण्याऐवजी गेल्या वर्षीच्या रोपाला दोन बादल्या पाणी घाला.

आता प्रश्न विचारा.