इतिहासाची पदवी आणि मोशीचा फेरफार



मुलाने इतिहास घेऊन बी.ए. करायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न येतो, पुढे काय? ही पदवी पुरी व्हायला नेमके काय करावे लागते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आजचे व्याख्यान त्यावर आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट आली. वर्गातल्या पंधरा तासांना एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाला तीस तास. सहा सत्रांत 120 ते 132 क्रेडिट जमली की पदवी. चौथे वर्ष केले तर 160 ते 176 आणि ऑनर्स. यातला निम्म्याच्या आसपास वाटा इतिहासाचा. उरलेल्यात दुय्यम विषय, खुला ऐच्छिक विषय, भाषा, कौशल्ये, भारतीय ज्ञानपरंपरा.

एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येते, आणि कमावलेली क्रेडिट शैक्षणिक बँकेत सात वर्षांपर्यंत राहतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या मुलामुलींसाठी ही सोय फार मोलाची आहे. त्यांच्या आधीच्या पिढीला नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा आधार होता. ते 1989 साली स्थापन झाले.

खरा कस लागतो तो याच अभ्यासक्रमातल्या क्षेत्र प्रकल्पात. क्रेडिट मोजकी, म्हणून हयगयही इथेच सर्वाधिक: जुनी फाइल, नवे मुखपृष्ठ. इतिहासाच्या विद्यार्थ्याने असे करणे म्हणजे सुताराने रंधा न धरता कारागीर होणे.

आणि मोशीच्या मुलांना विषय शोधायला लांब जावे लागत नाही. इंद्रायणी ओलांडून नाशिक रस्त्याला लागले की चाकण. तिथला भुईकोट फिरंगोजी नरसाळा यांनी 1660च्या भर पावसाळ्यात शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध पन्नासहून अधिक दिवस लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला. आज गाड्यांच्या गर्दीत त्या किल्ल्याचे अवशेष उरलेत. खंदक कुठवर होता, तटाची कुठली बाजू टिकली, हे पायी फिरून नकाशावर उतरवायचे. मग मराठी बखरी काय सांगतात आणि औरंगजेबाच्या दरबारचा फारसी 'आलमगीरनामा' काय सांगतो, ते शेजारी ठेवायचे. दोन्ही बाजूंचे सारखेच खरे मानायचे नाही आणि आपल्या बाजूचे म्हणून आधीच खरे धरायचे नाही. साधनचिकित्सा म्हणतात ती हीच, आणि ती गाइड वाचून येत नाही.

दुसरा विषय तर दाराशीच आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली उभी राहिली, 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, 1982 मध्ये महानगरपालिका झाली आणि 1997 साली मोशी तिच्या हद्दीत आली. या तारखांच्या मधला इतिहास फेरफाराच्या नोंदींत आणि सातबाऱ्यावर आहे. कुठले शेत कधी विकले, कुठले संपादनात गेले, बहिणीचे नाव कधी कमी झाले, हे तिथे दिसते. कागदावर जे उतरले नाही ते आजीला विचारावे. ज्वारीचे खळे कुठे होते, नदीचे पाणी प्यायचे कधी सोडले, चाळीत पहिले भाडेकरू कुठल्या जिल्ह्यातून आले. तारीख, ठिकाण आणि सांगणाऱ्याची परवानगी वहीत हवीच.

जुन्या नोंदी मोडी लिपीत निघाल्या की पुष्कळ जण तिथेच थांबतात. थांबू नये. वि. का. राजवाड्यांनी 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले, त्यामागे गावोगावच्या वाड्यांतून हुडकलेल्या अशाच कागदांचे वेड होते. रोज एक पान लावायला घेतले, तर सहावे सत्र येईपर्यंत आपल्याच पणजोबांची सही वाचता येते.