पिकअप गाडी आणि हवेची कमान

वाशिम जिल्ह्यांतील शेतमालाची ने-आण आज बव्हंशीं ज्या वाहनावर चालते, तें वाहन म्हणजे पिकअप. रिसोड-मालेगांवकडील सोयाबीन, कारंज्याच्या बाजारांत येणारी तूर, मंगरुळपीरच्या बागांतील संत्रीं, हा माल बांधापासून बाजार समितीच्या आवारापर्यंत ह्याच उघड्या पाठीच्या गाडीवर चढतो आणि उतरतो. गाडीची ही पाठ मात्र उंच असते. साठ किलोंचें पोतें दिवसभर तेथवर उचलणाऱ्या हमालास प्रत्येक बोटाची उंची जाणवते, आणि गाडी थोडी खालीं घेतां आली तर बरें, हा विचार मालकाच्या मनांत येतो. तरुण वाहनप्रेमींच्या मनांत तोच विचार डौलाच्या वाटेनें येतो. दोघांनाहि हवेचें सस्पेन्शन हा उपाय सुचविला जातो. तो निवडावयाचा तर काय पाहून निवडावा, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

पिकअपच्या मागच्या आंसावर पोलादी पट्ट्यांची कमान असते. चालक तिला पाटे म्हणतात. हे पाटे भरल्या गाडीचें ओझें पेलण्यासाठीं घडविलेले असल्यामुळें रिकामी गाडी त्यांवर ताठ राहते व खड्ड्यागणिक उडते. माल भरला कीं ती खालीं बसते. हवेच्या फुग्याचा गुण निराळा आहे. फुग्यांतील दाब व त्याच्या आडव्या छेदाचें क्षेत्रफळ ह्यांचा गुणाकार म्हणजे त्यानें पेललेलें वजन. समजा, फुग्याचा व्यास १५ सेंटिमीटर आहे. म्हणजे क्षेत्रफळ सुमारें १७७ चौरस सेंटिमीटर झालें. रिकाम्या गाडीचें ३०० किलो वजन एका फुग्यावर येत असेल, तर त्यांत गॅरेजच्या भाषेंत सुमारें २४ पौंड दाब लागेल. माल भरल्यावर तेंच वजन ९०० किलो झालें, तर दाब ७२ पौंडांवर न्यावा लागेल. उंची तीच राहील, ओझ्याबरोबर फुग्याचा ताठरपणाहि वाढेल, आणि रिकामी व भरलेली गाडी जवळजवळ सारख्याच लयीनें हेलकावेल.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेंत विल्यम हम्फ्रीज ह्यांनीं १९०१ सालीं वाहनाच्या हवाई कमानीचें पेटंट घेतलें. जनरल मोटर्सच्या बसगाड्यांत ती १९५३ मध्यें आली आणि १९५७ मध्यें कॅडिलॅकच्या एल्डोराडो ब्रोहॅम ह्या अतिशय महागड्या मोटारींत. मोटारीची हवा गळूं लागली व पुष्कळ मालकांनीं फुगे काढून साध्या गुंडाळीच्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. बसमध्यें मात्र ती टिकली. ब्रेकसाठीं दाबलेली हवा तेथें मुळांतच खेळत असते. पिकअपचे ब्रेक तेलावर चालतात. तिला हवेचा पंप, टांकी आणि नळ्या हा सारा संसार नव्यानें अंगावर घ्यावा लागतो.

बाजारांत दोन प्रकारची योजना मिळते, आणि फसगत होते ती येथेंच. पहिल्या प्रकारांत पाटे तसेच ठेवून आंस व चेसिस ह्यांच्यामध्यें साहाय्यक फुगे बसवितात. ह्यानें भरलेली गाडी मागें बसत नाहीं; परंतु गाडी खालीं मात्र मुळींच येत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत पाटे काढून टाकतात व सारें वजन फुग्यांवर सोंपवितात. गाडी खालीं येते ती ह्या योजनेनें. पण पाट्यांचें काम केवळ वजन पेलण्याचें नाहीं. आंस आडवा-तिडवा सरकूं न देणें आणि ब्रेकच्या वेळीं तो फिरूं न देणें हेंहि त्यांचेंच काम. फुगा हें कांहींच करूं शकत नाहीं. म्हणून पाटे काढले कीं आंस धरून ठेवणारे चार मजबूत दांडे, किंवा तशीच दुसरी भक्कम रचना, बसवावी लागते. जो कारागीर ह्या दांड्यांविषयीं न बोलतां केवळ फुग्यांची किंमत सांगतो, त्याच्या हातीं गाडी देऊं नये.

फार खालीं घ्यावयाचें म्हटलें कीं आंस चेसिसला आदळतो. मग चेसिसच्या लोखंडाला अर्धगोल खांच पाडून वरून जोडपट्टी लावतात. प्रदर्शनांत मिरविण्याच्या गाडीला हें कदाचित् चालेल. दीड टन माल घेऊन धांवणाऱ्या गाडीचा कणाच कापण्यासारखें तें आहे.

सर्वांत दुर्लक्षित, आणि सर्वांत जिवावरची, गोष्ट ब्रेकची. कित्येक पिकअपमध्यें मागच्या आंसापासून चेसिसवरील एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी गेलेली असते. गाडी बसली म्हणजे माल भरला आहे असें हा व्हॉल्व्ह समजतो व मागच्या ब्रेकला अधिक जोर देतो. गाडी उंच असली म्हणजे रिकामी समजून तो जोर कमी करतो. त्याला वजन कळत नाहीं, केवळ उंची कळते. गाडी खालीं घेतली कीं रिकाम्या गाडीलाहि भरल्या गाडीचा ब्रेक लागतो, आणि ओल्या रस्त्यावर मागचीं चाकें जागच्या जागीं जखडून गाडी आडवी फिरते. उलट, फुग्यांनीं भरलेली गाडी रिकाम्या उंचीवर उचलून धरली, तर माल असूनहि मागचा ब्रेक अपुरा पडतो. ज्या गाडींत असा व्हॉल्व्ह आहे तिची जुळणी बदलल्यावांचून कोणतीच योजना पुरी झाली असें समजूं नये.

ह्यानंतर किरकोळ परंतु आवश्यक बाबी. डाव्या व उजव्या फुग्याची हवा वेगळी ठेवावी. एकाच नळीनें दोन्ही जोडले तर वळणावर बाहेरच्या फुग्यांतील हवा आंतल्यांत जाते आणि गाडी अधिकच कलते. टांकींतील पाणी नियमानें सोडावें. नळ्या सायलेन्सरपासून दूर बांधाव्या, आणि धान्याच्या गोदामाशेजारीं गाडी उभी राहत असेल तर उंदरांपासूनहि. फुगा फुटला तरी गाडी घरीं येईल असे रबरी ठोकळे आंत असलेच पाहिजेत.

रस्त्यांचा विचार करावा. कारंजा, मंगरुळपीर व मालेगांव ह्या तालुक्यांतून गेलेला समृद्धि महामार्ग सपाट आहे. परंतु माल तेथें पिकत नाहीं. तो पिकतो काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यांच्या कडेला, जेथें पावसाळ्यांत चाकोऱ्या हातभर खोल जातात. खालीं घेतलेली गाडी तेथें पोटावर टेंकते. तेव्हां पोटार्थी गाडीला हवेची कमान हवीच असेल, तर उभी असतां खालीं बसणारी व चालूं लागतांच मूळ उंचीवर येणारी असावी. खालच्या उंचीवर ती चालवूं नये.

ह्या सर्वांवर कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, निर्मात्यानें ठरविलेल्या व नोंदणींत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा बदल करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच स्पष्ट केलें, आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अनधिकृत बदलासाठीं मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागें ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. म्हणून पैसे देण्यापूर्वीं वाशिमच्या परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी. तसेंच, फुग्यांमुळें गाडीची नोंदलेली भारमर्यादा किलोभरहि वाढत नाहीं. जास्त माल भरला कीं पाटे दबून तें दाखवीत. फुगे तें झांकून ठेवतात, आणि टायर, बेअरिंग व आंस मुकाट्यानें झिजत राहतात.

हमालाचे कष्टच कमी करावयाचे असतील, तर गाडीला हात न लावतां तें साधतें. गोदामाच्या दाराशीं गाडीच्या पाठीएवढा ओटा बांधावा. शेतावर तें शक्य नसेल तर मागचीं चाकें उतरतील असा वीतभर खोल उतार खणावा, त्यांत मुरूम ठोकून बसवावा, आणि पाणी साचूं नये म्हणून एका बाजूनें चर काढून द्यावा.