काचेची काठी



काचेची काठी म्हटली, कीं ती हातांतून निसटून तिचे तुकडे होतील अशीच भीति कोणालाही वाटेल. परंतु आज मी ज्या काठीविषयीं बोलणार आहें, ती वेताप्रमाणें वाकते आणि पुन्हा सरळ होते. काचेचे केसासारखे बारीक तंतु राळेंत भिजवून ती घडविलेली असते. १९५० ते १९७५ या काळांत अमेरिकेंत नदीवर मासे धरणाऱ्यांच्या हातीं बहुतेक हीच काठी दिसे. आज या जुन्या काठ्या जमविणारे आणि त्या घेऊन नदीवर जाणारे रसिक तिकडे पुष्कळ आहेत. मिशिगन संस्थानांत कांहीं वर्षें राहण्याचा योग आला, तेव्हां मीही या छंदांत सांपडलों.

प्रथम ही मासेमारी कशी चालते तें सांगितलें पाहिजे. आपल्याकडे गळ टाकणारा मनुष्य आमिषाजवळ शिशाचा तुकडा बांधतो, आणि त्या वजनानें दोरी दूर जाते. येथें आमिष नसतेंच. गळावर पिसें आणि दोरा गुंडाळून एक कृत्रिम माशी बनवितात. तिला म्हणण्यासारखें वजन नाहीं. वजन असतें तें दोरीला. काठी मागें नेली, कीं दोरी डोक्यावरून पाठीमागें उलगडत जाते. ती सरळ होतांच हात पुढें आणला म्हणजे दोरीच्या भारानें काठी वाकते, आणि मग सरळ होतां होतां दोरीला पुढें फेंकते. घाई केली तर दोरी चाबकासारखी कडाडते; उशीर केला तर ती मागच्या झुडुपांत अडकते. काठी म्हणजे एक लांब स्प्रिंगच म्हणा ना!

ही स्प्रिंग पूर्वीं बांबूची असे. दक्षिण चीनमधून येणाऱ्या टोंकिन बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या एकमेकींस चिकटवून कुशल कारागीर ती तयार करीत; साहजिकच ती महाग पडे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आर्थर हॉवल्ड नांवाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें काचतंतूंची काठी बनविली. कालामाझू गांवच्या शेक्सपिअर कंपनीनें (नाटककाराशीं तिचा संबंध केवळ नांवापुरताच) त्याच्या पद्धतीनें केलेली 'वंडररॉड' नांवाची पांढरी काठी बाजारांत आणली. पुढें डिसेंबर १९५० मध्यें अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केला, तो थेट १९७१ पर्यंत. बांबू दुर्मिळ झाला आणि काचेचें राज्य सुरू झालें. काचतंतूंचें कापड राळेसह निमुळत्या पोलादी सळईभोंवतीं गुंडाळून तापवावयाचें आणि सळई काढून घ्यावयाची, म्हणजे पोकळ नळी उरते, अशीही रीत रूढ झाली. धनिकांची वस्तु कामगाराच्या आणि शाळकरी मुलाच्या हातीं आली. मग १९७३ च्या सुमारास कार्बनच्या तंतूंची काठी निघाली. ती हलकी, ताठ आणि दूर फेंकणारी. काचेच्या काठ्या माळ्यावर जाऊन पडल्या.

माझी पहिली काठी मला अशाच एका माळ्यावरून मिळाली. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ घर रिकामें करीत होते. काठी त्यांच्या दिवंगत भावाची. तिच्याबरोबर अॅक्रन येथें बनलेलें मेडॅलिस्ट जातीचें काळें रीळही होतें. दोन्ही माझ्या हातीं देऊन ते म्हणाले, "एवढेंच करा, ती भिंतीवर टांगूं नका. पाण्यावर न्या."

घरीं येऊन पाहतों तों मुठीच्या वर शाईनें लिहिलेलीं पुसट अक्षरें दिसलीं. काठी शोभिवंत करावी या अतिउत्साहानें मीं जुनें व्हार्निश घासून काढलें. काठी चकचकीत झाली. अक्षरें मात्र व्हार्निशाबरोबर गेलीं. पुढें एका जाणत्या संग्राहकानें सांगितलें, "अहो, ती काठीची जन्मपत्रिका होती!" काठीची लांबी, योग्य दोरी, क्वचित् ज्याच्यासाठीं ती बनविली त्याचें नांव, हें सर्व तेथें लिहिलेलें असतें. १९६१ पूर्वीं दोऱ्या जाडीवरून, इंग्रजी अक्षरांनीं ओळखत. नंतर पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून त्यांस क्रमांक मिळाले. सहा क्रमांकाची दोरी म्हणजे १६० ग्रेन, सुमारें दहा ग्रॅम. माझ्या काठीला कोणती दोरी हवी तें मीं स्वतःच पुसून टाकलें होतें. पांच क्रमांकानें ती वाकेना, सातानें फार वाके; अखेर सहा क्रमांक जुळला. पण दोरी पुन्हा शोधतां येते, हस्ताक्षर नाहीं.

मोठ्या संकोचानें मीं त्या वृद्धांस ही हकीकत सांगितली. ते थोडा वेळ स्तब्ध राहिले, मग एवढेंच म्हणाले, "नदीवर नेली कां?" मीं अजून नेली नव्हती.

त्या रविवारीं मी ओ सेबल नदीवर गेलों. पाणी गुडघाभर, स्वच्छ आणि थंड. पहिला तासभर दोरीचा गुंताच होत होता, कारण मनगटाला कार्बनच्या काठीची घाई जडलेली. काचेची काठी मुठीपर्यंत वाकते आणि सावकाश सरळ होते. तिच्यासाठीं अर्धा क्षण अधिक थांबावें लागतें. तो अर्धा क्षण साधला आणि माशी पलीकडच्या कांठाजवळ अलगद उतरली. एक वीतभर ब्राऊन ट्राऊट गळाला लागला. रिळाच्या दात्यांची ती जुनी करकर ऐकूं आली. काठीचें टोंक मऊ असल्यानें मासा उसळला तरी तलम धागा तुटला नाहीं. ओल्या हातानें गळ काढून मीं त्याला सोडून दिलें.

ज्यांना हा छंद लागेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. जुनी काठी घेण्यापूर्वीं ती फुटपट्टीनें मोजावी. टोंक मोडलेली काठी आंखूड भरते. जोड घट्ट बसतो कीं नाहीं आणि त्याच्याजवळ चीर आहे कां, तें पाहावें. दोरीच्या कड्यांना खांचा पडल्या असल्यास त्या बदलाव्या. आणि अक्षरें असतील तेथें हात लावूं नये. धूळ पुसावी, इतिहास पुसूं नये.

आपल्या घरांतला तंबोरा खुंटीला नुसता टांगून ठेवला म्हणजे जपला, असें आपण समजतों. पण जो छेडला जात नाहीं, त्या तंबोऱ्याचा सूर कोणाच्याच कानीं राहत नाहीं. काठीचेंही तसेंच. वापरल्यानें ती झिजेल, एखादे दिवशीं मोडेलही; पण एका मनुष्याच्या हाताची लय तिच्यांत होती, ती पाण्यावर गेल्यावांचून दुसऱ्या हाताला कळत नाहीं. त्याचीं अक्षरें माझ्या हातून गेलीं. त्याचें थांबणें मात्र मी शिकलों, हें त्या वृद्धांस जाऊन सांगितलें, तेव्हां त्यांनीं माझ्या हातावर हात ठेवला.