सोंडकिडा आणि ताकाकिया



आपला जिल्हा धानाचा. म्हणून आरंभ घरच्या तांदळापासूनच करतो. त्यातील सोंडकिडा हा जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा भुंगेरा होय. मादी दाणा कोरून आत एक अंडे घालते व छिद्र स्रावाने बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते. त्यामुळे निवडून ठेवलेला तांदूळही महिन्याभराने किडलेला निघतो, आणि दोष मात्र निवडणारीच्या माथी येतो! धान्याच्या पोत्यांबरोबर हा कीटक जगभर पसरला आहे.

आता हिमालयातील ताकाकिया पाहा. पावसाळ्यात शाळेच्या भिंतीवर जी हिरवी मखमल चढते, त्या हरितावर्गातील ही वनस्पती. (आपण तिला सरसकट शेवाळ म्हणतो, पण पाण्यातील शेवाळ निराळे.) उंची एखादा सेंटीमीटर, परंतु वंश सुमारे ३९ कोटी वर्षांचा. बर्फाला आणि प्रखर सूर्यकिरणांना ती पुरून उरली. तरीही, वाढत्या तापमानामुळे तिबेटच्या पठारावर ती घटत चालल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

मुले सहज म्हणतील, ‘इवलीशी म्हणून ती नष्ट होते.’ तेव्हा त्यांच्यापुढे सोंडकिडा ठेवावा. तो तर तिच्याहूनही लहान! पण माणसाची कोठी हेच त्याचे घर, आणि कोठ्या सर्वत्र आहेत. ताकाकियाला थंड, उंच पर्वतच मानवतात. ऊब वर चढू लागली की तीही वर सरकणार. परंतु शिखरापलीकडे जाईल कोठे?

येत्या पावसाळ्यात भिंत खरवडण्यापूर्वी मुलांना भिंग देऊन तेथे घटकाभर बसवावे.