व्याख्यान झाले, तपासायला कोण आले?



शाल-श्रीफळ आम्ही आवरते घेतले आहे. परिषदांत नेमका चर्चेलाच वेळ उरत नाही.

कर्करोग-जागृतीचा विषय आमच्या शिरूर-दौंड भागाला नवा नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून १९७२ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्याच दशकात शिरूर तालुक्यातल्या वढूला डॉ. बानू कोयाजींनी गावातलीच माणसे शिकवून आरोग्यसेवा घरोघर नेली. तरीही मिश्रीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची, डबी अजून चुलीपाशी आहेच. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई सरळ ‘नाही’ म्हणते, आणि आपल्या फॉर्मवर तसेच उतरते. जागृतीचे मूल्यमापन इथूनच घसरते.

आपण मोजतो काय? शिबिरे किती, पत्रके किती, हजेरीपटावर सह्या किती. सह्या चहाच्या वेळी सर्वांत जास्त होतात, हे आयोजक म्हणून मी खात्रीने सांगतो!

बार्शीकरांनी वेगळे मोजले. डॉ. बी. एम. नेने यांच्या रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव सभा घेत, लक्षणे सांगत, आणि लक्षण असलेल्या माणसाला तपासणीसाठी तयार करत. पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. रुग्ण कोणत्या टप्प्यावर आला, याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही.

पण शेजारच्या उस्मानाबादचा, म्हणजे आताच्या धाराशिवचा, अनुभवही ऐका. तिथे तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचे चार गट केले होते. एका गटाला तपासणी कुठे करून घ्यावी एवढीच माहिती दिली. दुसऱ्या गटाची एकदा एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी केली. गट साधारण सारखेच मोठे. २००९ च्या अहवालात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू पहिल्या गटात ६४, चाचणी झालेल्या गटात ३४. नुसत्या पत्त्याने बाई दवाखान्यात पोचत नाही. ऊसतोडीच्या हंगामात तर नाहीच. दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार?

म्हणून परिषदेच्या या दोन दिवसांत डॉक्टरांना विचारावे, प्रशिक्षणानंतर किती रुग्णांना ‘आ करा’ म्हणालात? रुग्णांना विचारावे, विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, किती दिवस, मध्येच सोडला तर काय, हे तुम्हाला कुणी मराठीत समजावले का? आणि आशाताईंनी पाठवलेल्या बाईचे पुढे काय झाले, हे त्यांना कधी कळते का? मला हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निरोप परत आला नाही, तर आशाताई पुढच्या बाईला कोणत्या तोंडाने पाठवतील?

माझे बोलणे इथेच थांबवतो. जेवणाच्या मांडवाच्या दारात आमचे दंतवैद्य टॉर्च घेऊन बसले आहेत. व्यासपीठावरच्या मंडळींनीही तोंड दाखवूनच पंगतीला बसावे, ही स्वागत समितीची विनंती आहे.