लिहू न देणारी डिस्क

शाहूवाडी तालुक्यात आंबा घाटाकडे पाऊस कोसळत असता वीज अवचित जावी, आणि ती परत आल्यावर दूधसंस्थेच्या लिनक्स संगणकाने जुना हिशेब दाखवावा, पण नवी नोंद नाकारावी! चिटणीस संतापतो, वस्तुतः यंत्र त्याचा हिशेबच राखीत असते. डिस्कवरील मांडणीत विसंगती आढळल्यास कर्नल बहुधा लेखन थांबवितो, म्हणजे बिघाड पसरत नाही. तेव्हा लेखनाची बळजबरी करू नये. प्रथम हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा. मग 'डीमेसेज' या आज्ञेने कर्नलची तक्रार वाचावी. तीत 'आय-ओ एरर' वारंवार दिसल्यास डिस्क किंवा तिची केबल सदोष समजावी. एरव्ही संगणक पेनड्राइव्हवरून चालू करून 'एफएससीके' ही आज्ञा द्यावी. मात्र त्या वेळी तो विभाग जोडलेला नसावा. घाईत नेमके हेच विसरते, आणि वाचलेला हिशेबही जातो.